आलो, पाच मिनिटं

टेपकाकांना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. घरात शिरलं की उजव्या हाताला एक खोली, आणि त्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत नुसते टेप. ते जुने, हँडलवाले, तरुण पोरं खांद्यावर घेऊन रस्त्यानं मिरवायची ना, तसले. दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर, मधोमध कॅसेटचं दार, वर बटणांची रांग. कुणाचं हँडल मोडलेलं, कुणाच्या पोटात झुरळांनी संसार थाटलेला. काका ते कुठून कुठून गोळा करून आणत, उघडत, पुसत, जोडत आणि बोलते करत. विकत मात्र एकही नसत. काकू म्हणायची, "लोकांना नातवंडं असतात, आम्हाला टेप आहेत. रात्री रडत नाहीत, एवढंच सुख."

बोलायची असं, पण हातभार तिचाही असायचाच. टेप उघडला की त्याची बटणं, जाळ्या, झाकणं असं सगळं एका टोपात घालून काका स्वयंपाकघरात आणून देत. काकू ते कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायची, दातांच्या जुन्या ब्रशनं घासायची आणि खिडकीत फडक्यावर वाळत घालायची. शेजारीण टोपात डोकावून म्हणायची, "आज काय शिजतंय?" की काकू म्हणायची, "बटणं. मऊ व्हायला वेळ आहे."

काकांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. दोन स्पीकरांपैकी एक मेलेला असला तर कानाला पटकन कळत नाही. जिवंत असतो त्याचाच आवाज खोलीभर होतो आणि वाटतं, दोघंही बोलतायत. अशा वेळी जाळीवर तळहात ठेवायचा. जिवंत असेल तो हाताखाली थरथरतो, मेलेला गप्प राहतो. "आवाज कुठून येतो ते कानाला विचारू नकोस," काका म्हणायचे. "कान फसतो. हाताला विचार."

तर असं सगळं बरं चाललं होतं. मग मागच्या थंडीत काकांच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, सुया झाल्या, घरी आले. डॉक्टरीणबाईंनी काकूला बाजूला घेऊन सांगितलं, "जड उचलू द्यायचं नाही, आणि फार वेळ एकटं सोडायचं नाही. लक्ष असू द्या."

आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय? काका दिवसभर त्या खोलीत, काकूचे गुडघे दुखरे, घरातली कामं डोक्यावर. तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. काम करता करता हाक मारायची. "अहो, चहा घेणार?" की आतून यायचं, "आलो, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं जन्मात संपायची नाहीत. चहा दोनदा गरम व्हायचा. पण उत्तर आलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. माणूस आहे. कधी कधी तर चहा करायचा नसला तरी विचारायची.

एक दिवस भंगारवाल्यानं बातमी आणली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंकडे मोठा चंदेरी टेप आहे, आणि त्यांना तो घरातून घालवायचाय. काकांना उचलायची बंदी, म्हणून काकूही बरोबर गेली.

जिने चढून गेले तर टेप दाराशीच ठेवलेला, चादरीत गुंडाळून. बाई किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या. त्या काही गाठोड्याजवळ येईनात. भिंतीला टेकूनच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा. त्यांनाही हाच नाद होता. हा तेवढा दुरुस्त करायचा राहिला."

काकांनी चादर सोडली आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "अगं, बघ तरी. आवाज दाखवणाऱ्या काट्यांच्या दोन तबकड्या आहेत. आतले रबरी पट्टे वितळले असतील, पण माल अस्सल आहे." मग बाईंना विचारलं, "बंद कधीपासून आहे हा?"

"चालू कधी झालाच नाही," बाई म्हणाल्या.

गाठोडं पिशवीत घालून निघाले. काका दोन पायऱ्या पुढे गेले तशी बाईंनी काकूचं मनगट धरलं. बोटं गार.

"तुम्ही घरात ह्यांना हाका मारता का हो?"

"मारते की. सारखी."

बाईंनी एकदा काकांच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हाक नका मारू… उठून जाऊन बघत जा."

काकूला वाटलं, एकट्या पडल्यात बिचाऱ्या, मनाला लागलंय. मान हलवून ती खाली उतरली.

घरी काकांनी टेपाचं पोट उघडलं. आतले रबरी पट्टे वितळून काळं डांबर झालं होतं. कापूस, स्पिरिट घेऊन त्यांनी दोन दिवस तेच खरवडलं. मोटर काढून वर्तमानपत्रावर ठेवली. नवे पट्टे मागवले, ते पाकिटातून आले, आणि काका म्हणाले, "बसवायला वेळ आहे, हरवतील, तुझ्याकडे ठेव." काकूनं पाकीट न फोडता मिठाच्या बरणीमागे ठेवून दिलं.

आणि त्या दिवसांत एक नवल झालं. काका पटापट उत्तरं द्यायला लागले. पूर्वी दोन हाका गेल्या तर तिसरीला ओ यायची. आता हाक संपायच्या आत, "आलो, पाच मिनिटं." काकू शेजारणीला म्हणालीसुद्धा, "दवाखान्यानं माणूस सुधारला हो."

एका दुपारी वारा सुटला. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, खिडकी लावलीत का?"

"लावली."

थोड्या वेळानं बघते तर खिडकीची दोन्ही दारं आपटतायत, कागद उडतायत, आणि काका खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतायत. तिनं हलवून उठवलं.

"खोटं कशाला बोलायचं माणसानं? लावली म्हणालात."

"मी?" काका डोळे चोळत म्हणाले. "मी कधी म्हणालो?"

"आत्ता. मी काय वेडी आहे?"

"झोपेत म्हणालो असेन बाई. झोपेतही तुझ्या धाकात असतो मी."

दोघंही हसले. विषय तिथंच राहिला. पण काकूच्या मनात काहीतरी कुसळासारखं टोचत राहिलं. घोरणारा माणूस इतकं स्पष्ट बोलतो होय?

मग तो दिवस आला. काकू खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. सुईत दोरा ओवता ओवता तिनं हाक मारली, "अहो, गोळी घेतलीत का दुपारची?"

"घेतली," आतून आलं.

"पाण्याबरोबर घेतलीत ना? कोरडी गिळता आणि मग खोकता."

"पाण्याबरोबर घेतली."

आणि तेवढ्यात बाहेरचं दार ढकलून काका आत आले. हातात स्पिरिटची बाटली. चपला काढत म्हणाले, "कुणाशी बोलतेयस?"

काकूच्या हातातली सुई तशीच राहिली. तिला आधी वाटलं, दारात आहे तो माणूस खरा की आतला? तिनं नुसतं खोलीकडे बोट केलं.

दोघं आत गेले. खोलीत कुणी नाही. मांडणीवरचे सगळे टेप गप्प, सगळ्या वायरी बोर्डातून काढलेल्या. चंदेरी टेप टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला.

"टेस्टिंगची कॅसेट लागली असेल," काका म्हणाले. "रेकॉर्डिंग तपासायला मी काहीबाही बोलतो ना. तू मधेच हाक मारतेस, माझं 'आलो'सुद्धा त्यात जातं."

"गोळीचं कुठल्या कॅसेटीत गेलं?"

काकांनी एकेक टेप तपासला. कशातच सेल नव्हते.

"आणि हा?" काकूनं चंदेरी टेपाकडे मान वळवली.

"हा कसा बोलेल? पट्टा नाही तर चाक फिरत नाही, चाक नाही तर कॅसेट फिरत नाही. आणि कॅसेट तरी कुठे आहे ह्यात?" त्यांनी दार उघडून दाखवलं. रिकामं. "शेजारून आला असेल आवाज. भिंती पातळ आहेत."

म्हणाले खरं, पण तिच्याकडे बघून म्हणाले नाहीत. नंतर बराच वेळ त्या रिकाम्या दाराशी बोट घालून बसले होते. त्यांनाही उलगडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूनं चपला पायात सरकवल्या, दारातूनच ओरडली, "अहो, जरा जाऊन येते," आतून "ये" आलं, आणि ती तडक त्या बाईंकडे गेली. काय विचारायचं ते तिचं तिलाच नीट माहीत नव्हतं.

बाईंनी दार उघडलं, तिला बघितलं आणि आत घेतलं. खाली बसल्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या, हातातल्या रुमालाकडे बघत.

"ह्यांना कामात कुणी खोलीत आलेलं खपायचं नाही. मी ताट दाराशी ठेवायची. जेवलात का विचारलं की म्हणायचे, जेवलो. ताट तसंच असायचं. मला वाटायचं, रागावलेत. झोपलात का नीट? झोपलो. खिडकी उघडू का? नको… असं चाललं होतं आमचं. मग शेजारीण म्हणाली, अहो, वास कसला येतोय तुमच्याकडे."

काकूनं पदर नाकाशी नेला.

"डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झालेत ह्यांना जाऊन," बाई म्हणाल्या. "आणि मला तर उत्तरं येत होती हो… त्या सकाळीसुद्धा."

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपके ऐकू येत होते.

"मग आम्हाला कशाला दिलात तो?" काकू म्हणाली.

"मला वाटलं, माणूसच गेला, आता टेपाला आवाज कुठला. इथं गप्पच होता, ह्यांच्यानंतर." बाईंनी मान वर केली. "तुमच्याकडे… बोलतो?"

"बोलतो."

"कुणाच्या आवाजात?"

"आमच्या ह्यांच्याच."

बाईंचा चेहरा उतरला. "निघताना सांगून निघालात त्यांना?"

"हाक मारून. ये म्हणाले."

"बघितलंत?"

काकूची नजर दाराकडे गेली. सवय ती सवय. इतकं सगळं होऊनही तिनं दारातूनच हाक मारली होती, आणि आतून ओ आल्यावर निश्चिंत मनानं जिना उतरली होती.

"घरी जा," बाई म्हणाल्या. "आत्ता जा."

बस येता येईना. आली तर पुढच्या चौकात अडकली. काकू शेवटचा रस्ता चालतच आली, दुखऱ्या गुडघ्यांनी, पदराशी किल्ली आवळून. दाराशी आली आणि हाक ओठांवर आली होती ती तिनं दातांनी अडवली. हळूच किल्लीनं दार उघडलं. खोलीत बघितलं. खुर्ची रिकामी.

स्वयंपाकघरात नळ वाहत होता.

काका नळाशी उभे होते, पाठमोरे. टोपात हात घालून बटणं घासत होते. तिनं आवाज न करता जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.

"कुठे होतीस गं? मला वाटलं, बटणं टाकून माहेरी गेलीस."

आणि हाताखाली पाठ थरथरली. चांगली घुमली, जिवंत स्पीकरासारखी. काकूनं कपाळ त्या पाठीला टेकवलं.

"काय झालं?"

"काही नाही. स्पीकर तपासतेय."

काका हसले, तशी पाठ आणखी थरथरली.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकांनी हातातलं बटण खाली ठेवलं. संध्याकाळच्या आत भंगारवाल्याला बोलावलं. "एवढा अस्सल माल," एवढंच काका म्हणाले आणि आपल्या हातानं टेप त्याच चादरीत गुंडाळला. भंगारवाला म्हणाला, "काका, तुम्ही टेप देताय? तब्येत बरी आहे ना?" काकू त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली. पट्ट्यांचं पाकीट द्यायचं मात्र विसरली. ते बरणीमागेच राहिलं.

त्यानंतर काकूनं घरात कधी हाक मारली नाही. गुडघे कुरकुरले तरी उठायची, खोलीत जायची, पाठीवर हात ठेवायची आणि मगच विचारायचं ते विचारायची. काका मान न वळवता म्हणायचे, "आली माझी मेकॅनिक." हाताखाली थरथर व्हायची. ती परत यायची आणि हातातलं काम पुढे सुरू. थंडी सरली. भीतीसुद्धा हळूहळू उशीसारखी बसकी झाली. खोलीत दुसरा एक टेप आला, छोटासा, लाल. त्याची बटणं तिनं धुऊन दिली, आणि पट्टे लागले तसं बरणीमागचं पाकीटही काढून दिलं.

मग ती दुपार. काकूनं चहाचं पाणी ठेवलं आणि खोलीत गेली. काका टेबलाशी बसलेले, लाल टेपावर वाकलेले, हातात पेचकस. खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या पाठीवर पडलं होतं. तिनं तळहात ठेवला.

"अहो, चहा घेणार?"

"आलो, पाच मिनिटं."

नेहमीचाच आवाज. अगदी जवळून आलेला, जरा कामात गुंतलेला, जरा हसरा.

काकूनं हात उचलला नाही. तिला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं. तिनं हात जरा वर सरकवला, मानेखाली, जिथं नेहमी जास्त कळायचं. खोलीत घड्याळ वाजत होतं. स्वयंपाकघरात पाण्याला आधण येत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता.

"अहो…" ती म्हणाली.

"आलो म्हटलं ना गं."

तिच्या तळहाताखाली काहीही हललं नाही.

पाठ उबदार होती. पण खिडकीतलं ऊन केव्हापासून त्याच पाठीवर होतं.