गौरेशची गस्त

काम इतकंच होतं, की वहाणांचा एक जोड गावच्या शिवेवर ठेवून परत यायचं. दहा मिनिटांची वाट. तारीखही सांगतो, म्हणजे हा सखाराम थापा मारतो असं उद्या कोणी म्हणायला नको. दोन हजार चोवीस, तीस डिसेंबर, सोमवती अमावास्या. रात्रीचे अकरा.

निघाला होता गौरेश, आमच्या यशवंताचा मुलगा. यशवंत आणि मी आमोण्याच्या शाळेत एका बाकावर बसलो, म्हणून या पोराला मी पाळण्यापासून ओळखतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, यादीत नाव लागलं. राहिली होती फक्त दुसऱ्या दिवशी सकाळची वैद्यकीय तपासणी. पण या शहाण्याने डिचोलीतून काळे बूट आधीच आणले आणि ते घालून गावात मिरवायला लागला. पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल अडवून लायसन मागायचा. सायकलचं लायसन! तारामावशी गुरं घेऊन निघाली तर तिला, "ए, कडेन चल," म्हणून दरडावायचा. ज्या बाईच्या अंगणात लहानाचा मोठा झाला, तिला. खाकी अंगावर यायची होती, डोक्यात कधीच चढली होती.

आता वहाणांचं. आपला राखणदार, शिवेवरचा देव, रात्रभर शीव फिरतो. फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गाव त्याला नव्या देतो. जुन्या उचलून बघा, टाचा गेलेल्या असतात. समोर बसून हसू नको सिद्धेश, उद्या उजेडात जाऊन बघ.

धावण्याच्या दिवशी गौरेशला अर्ध्या वाटेतच धाप लागली. कुंपणाबाहेर उभा असलेला यशवंत तिथूनच राखणदाराला वहाणांचा नवस बोलला. आणि शेवटच्या फेरीत पोराच्या पाठीवर कोणीतरी हात ठेवला. पुढे रेटलं. त्याने मागे पाहिलं तर कोणी नाही. हे त्यानेच त्या संध्याकाळी बापाला सांगितलं होतं. यादी लागली आणि विसरला.

"गौरेशा, आज अमास. नवस फेडून ये," यशवंत म्हणाला. "गाऱ्हाणं घाल आणि फाटीं पळोव नाका." तिथून निघालं की मागे वळून बघायचं नसतं.

"बाबा, धावलो मी. वहाणा त्याका कित्याक?"

"हात कोणाचो आसलो रे?"

पोराने बूट चढवले, जोड काखेत मारला आणि निघाला.

शिवेवरच्या दगडापाशी ना हात जोडले, ना गाऱ्हाणं घातलं. वहाणा लांबूनच फेकल्या. एक सुलटी पडली, एक उलटी. कमरेवर हात ठेवून बोलला, आणि काय बोलला ते त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

"म्हाताऱ्या, तुजां काम संपलां. आजपासून ह्या गावची गस्त माजी. तू आता नीज."

वळला. चार पावलं टाकली.

मागे आवाज झाला. काठी दगडाला टेकवून ठेवल्याचा. सावकाश.

मग... हुश्श.

दिवसभर ओझी वाहिलेला माणूस बसताना करतो ना, तसं.

त्यानंतर काहीच नाही. किडेसुद्धा नाहीत.

गौरेश भराभर चालू लागला. घर दिसलं. आईने, जानकीने, बाहेर दिवा लावून ठेवला होता. तो दाराकडे वळला... म्हणजे मनाने वळला.

पाय वळले नाहीत.

बूट पुढे निघाले. घर मागे पडलं. हाक मारायला तोंड उघडलं...

आवाज नाही.

नदीचा बांध. शेतं. बंद पडलेला खनिजाचा धक्का. पुन्हा शीव. पुन्हा बांध. कुत्री भुंकली नाहीत. उठली, बाजूला झाली, वाट दिली.

किती फेऱ्या? मोजल्या नाहीत.

पाठीवर हात होता.

तोच. मैदानातला.

पहाटे जानकी उठली तर पोर खाटेवर, पायांत बूट. आठ दिवसांपूर्वी घेतलेल्या बुटांचे तळ गेलेले, आतून रक्ताळलेले पाय दिसत होते. तसाच लंगडत तपासणीला गेला. डॉक्टरने पायमोजे सोलून काढले.

"किती चाललास?"

"रात्री झोपलेलो, सर."

डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली. संपली नोकरी.

माझ्या सोप्यावर येऊन रडला, पाय मिठाच्या पाण्यात घालून. मला दया आली नाही, खरं सांगतो. जानकीची आली, याची नाही. पोलीस म्हणजे पोदेराची सायकल अडवायची, एवढंच ज्याला कळलं, त्याची कसली दया? गाव झोपावं म्हणून कोणीतरी रात्रभर चालतो, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आता पायांत शिरलंय.

दर अमावास्येला यशवंत त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप घालतो. सकाळी कुलूप जसंच्या तसं असतं. पोर खाटेवर असतं. आणि खाटेखाली ठेवलेला पायताणाचा नवा जोड झिजलेला असतो.

परवा यशवंताबरोबर मी शिवेवर गेलो, गाऱ्हाणं घालायला. त्या वहाणा तिथेच आहेत, तो फेकून आला तशाच. एक अख्खा पावसाळा त्यांच्यावरून गेला. मी वाकून बघितलं. उलट्या पडलेल्या वहाणेच्या तळावर शिवणाऱ्याने मापाला आरीने ओढलेली रेघ... अजून झिजलेली नाही.