भेरीवरचे राळे

जीभ झडो माझी, यात तिळाएवढं खोटं निघालं तर! ओरडून सांगते, शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला शंका असेल त्यानं आत्ताच उठावं आणि कान धुऊन यावं.

तर, सातवाहनांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. घाटाच्या तोंडाशी काळकडा नावाचा गड. पहाट झाली की आधी त्याचा माथा तांबडा व्हायचा, मग सावकाश खालची दरी उजळायची, आणि त्या वर्षी दरी उजळली की दिसायच्या त्या नुसत्या राहुट्या. मेलेल्या बैलाभोवती गिधाडं बसावीत तसं क्षत्रपांचं सैन्य गडाला वेढा घालून बसलेलं. घाई नाही, आरडाओरडा नाही, नुसती वाट बघणं. गडावरची जनावरं खाऊन झाली, मग त्यांची कातडी उकडून खाऊन झाली. उरले मोहरीएवढ्या दाण्यांचे मूठमूठ राळे, आणि मुगुदासानं खडकात खोदलेलं पाण्याचं भलंमोठं टाकं.

हा मुगुदास पाथरवट. वेढा पडल्यावर मदत आणायला म्हणून कड्याला दोर बांधून खाली उतरला, तो परत आलाच नाही. कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे फितला. त्याची बायको दामिला दोन्ही ऐकून घ्यायची आणि राळे निवडत बसायची.

आता निवडायला सूप कुठलं? सूप केव्हाच चुलीत गेलेलं. टाक्याकाठच्या खडकावर रणभेरी पडली होती. वाजवणारा मेला होता, पण कातडं ताठ होतं. (ते कसं कुणी खाल्लं नाही, विचारू नका. राजाची भेरी ती! हात लावील त्याचा हात तुटायचा. दामिलाला कोण काय बोलणार? तिच्याकडे गमवायला राहिलं काय होतं?) तिनं त्या कातड्यावर राळे पसरले आणि खडे वेचायला लागली.

तर राळे उडाले.

बाईला आनंद झाला. खाली उंदीर असणार! उंदीर म्हणजे तेव्हा मेजवानी. तिनं भेरी अलगद उचलली. उंदीर नाही. परत ठेवली, राळे पसरले. उडी, उडी, थांबले. उडी, उडी, थांबले.

दामिलानं ती लय ओळखली. सगळे पाथरवट घाव घालतात ते एका लयीत. मुगुदासाची खोडच निराळी. दोन घाव, मग छिन्नीपाशी साचलेल्या भुग्यावर एक फुंकर. ती चिडवायची, "दगडाला वारा घालता, कधी मलाही घाला की!"

तिनं गडाच्या अधिपतीला, महारठी इसिपालाला बोलावणं धाडलं. तो आला, गुडघे टेकून बसला, आणि उडणारे राळे बघून त्याचा चेहरा उतरला.

"भुयार खणतायत. गडाच्या पोटात शिरणार."

"होय महारठी. आणि सगळ्यात पुढचा घाव माझ्या घरधन्याचा आहे."

"म्हणजे फितलाच म्हणायचा! वैऱ्याला वाट दाखवतोय."

"वाट दाखवतोय खरी. पण कुठली, ते बघा तरी."

महारठीनं आजूबाजूला बघितलं. वाडा पलीकडच्या टोकाला. दरवाजा त्याहून लांब. इथं होतं काय? नुसतं टाकं.

दामिला खालच्या आवाजात म्हणाली, "टाकं खोदलं तेव्हा तळाला भेग निघाली होती. पाणी ठरेना. यांनी त्यात दगडाची पाचर ठोकली आणि वरून शिसं ओतलं. शिसं वितळवलं मी. त्या पाचरेला वर कडी आहे. ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक. वैऱ्याला यांनी सांगितलं असणार की वर धान्याचं कोठार आहे. आणि आणतायत कुठं? बरोब्बर पाचरेखाली."

"आत्ताच वरून खणून धूर सोडला तर?"

"चार खणणारे मरतील. उद्या दुसरीकडे खणतील, आणि तिथं तुम्हाला कळवायला माझं माणूस नसेल."

इसिपालानं टाक्यात वाकून बघितलं. मग त्यानं विचारलं, "बाई, पाचर निघाली तर सगळ्यात आधी पाणी कुणाच्या अंगावर जाईल, कळतंय ना तुम्हाला?"

"शिसं मी वितळवलंय, महारठी. मला नको शिकवू."

बघा, महारठीला अरेतुरे! पण त्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि स्वतः टाक्यातून पाणी भरून घेतलं. मग सगळा गड कामाला लागला. घागरी, रांजण, उखळं, ढाली, जे पोकळ सापडलं ते भरलं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, पोर रडलं तर तोंडावर हात. तरी टाक्यात हत्ती बुडेल एवढं पाणी राहिलंच. एका पोहणाऱ्यानं बुडी मारून कडीला दोर बांधला.

दोन दिवस राळे उडत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाएकी थांबले. मग सगळेच्या सगळे थरथरायला लागले, तव्यावर टाकल्यासारखे. घाव नव्हते ते. पावलं होती. भुयारात सैन्य शिरत होतं.

दोराला दहा गडी लावलेले. दामिला पुढं झाली आणि पहिल्या गड्याच्या हातातून दोर घेतला.

"बाई, तुम्ही नका," इसिपाल म्हणाला. "एवढं तरी ऐका."

"परक्याच्या हातानं कशाला जावा?" ती म्हणाली, आणि पाय रोवले.

ओढलं. पाचर हलेना. पुन्हा ओढलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ती अशी ओरडली की कड्यावरची घारसुद्धा उडाली, आणि टाक्याच्या मधोमध पाण्यात भोवरा फिरला. खालून आधी दगड फुटल्याचा आवाज आला. मग जो आवाज आला, तो पाण्याचा नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी भुयाराच्या तोंडातून पाणी निघालं, ते लाल माती आणि माणसं घेऊन. क्षत्रपांचे निवडक योद्धे त्यात गेले. उरलेल्यांनी चार दिवसांत राहुट्या उपटल्या. गड वाचला. खाली उतरून लोकांनी प्रेतं उलटीपालटी करून बघितली. मुगुदास सापडला तेव्हा त्याच्या पायात बेडी होती आणि हातात छिन्नी. महारठीनं दामिलाला शेत देऊ केलं, सोन्याचं कडं देऊ केलं. तिनं भेरी मागितली.

आणि त्या दिवशी टाकं रिकामं झालं, सगळे जयजयकार करत तटाकडे धावले, तेव्हा ती एकटी भेरीपाशी बसली होती. कातडं अगदी स्थिर. आणि मग राळे उडाले. उडी, उडी, थांबले. एकदाच. तिचा निरोप घेतला त्यानं.

...बरं, असं बघू नका माझ्याकडे. एवढं शेवटचं नाही झालं. राळे हलले नाहीत. ती अंधार पडेपर्यंत बघत बसली होती, पण नाही हलले.

बाकी सगळं खरं.