चुकलेल्या प्रश्नांचा डबा

परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा तिने जाडजूड पुस्तकं कपाटावर चढवली आणि बुटांच्या खोक्यात ठेवलेली पत्त्यांएवढी कार्डं घेऊन वाचनालयात गेली. नियम घड्याळचा होता. शेवटच्या आठवड्यात नवं काही वाचायचं नाही, फक्त आपल्या चुका वाचायच्या.

घड्याळ म्हणजे तिचा अभ्यासातला जोडीदार. मिनिटाला एक प्रश्न, जेवायला बावीस मिनिटं, असा त्याचा हिशेब, म्हणून हे नाव. दोघांकडे वैद्यकाची पदवी होती, परवाना नव्हता. त्याचा हा दुसरा प्रयत्न होता, तिचा तिसरा आणि शेवटचा. चौथ्यांदा बसता येत नाही. सहा वर्षं ती एका दवाखान्यात रुग्णांची वजनं घेत होती, केसपेपर भरत होती; खाली सही दुसऱ्याची असायची. या वेळीही गाडं अडलं, तर जन्मभर सही दुसऱ्याचीच.

पद्धत सोपी होती. चुकलेला प्रत्येक प्रश्न कार्डावर उतरवायचा, मागे उत्तर. रोज सकाळी दोघांनी खोक्यांची अदलाबदल करायची. तिच्या खोक्यातलं कार्ड घड्याळने वाचायचं, तिने मिनिटभरात उत्तर द्यायचं. तीनदा बरोबर आलं की कार्ड फाडायचं.

वाचनालय पहिल्या मजल्यावर होतं. खाली चष्म्याचं दुकान. दाराशी बसणारी कारकून बाई प्रत्येकाला जागेचा बिल्ला द्यायची आणि सोबत एखादा टोमणा.

"आलात डॉक्टरताई? खुर्चीला तुमचा आकार आलाय हो आता."

पहिल्याच सकाळी घड्याळने एक कार्ड काढलं. "अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष, चष्मे दुरुस्त करतो. सकाळपासून स्क्रू उजव्या हातातून तीनदा निसटला. दहा मिनिटांनी हात पूर्ववत. पुढे काय?" त्याने मान वर केली. "खालच्या काकांवर प्रश्न काढलास की काय?"

कार्ड तिच्या अक्षरातलं होतं. लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पक्षाघाताची पूर्वसूचना आहे," ती म्हणाली. "आजच्या आज मेंदूची आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी."

"बरोबर. चौतीस सेकंद."

दुपारी दोघं चहाला खाली उतरली तर दुकान बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, काकांचा हात जरा लुळा पडला होता. योगायोगाने एक डॉक्टर ग्राहक म्हणून दुकानात आला होता, त्याने गाडीत घालून तपासणीला नेलं. मानेतली नस तुंबलेली निघाली. "अकराच्या सुमाराची गोष्ट. थोडक्यात वाचले बघा."

अकरा वाजता तिने उत्तर दिलं होतं.

"तू त्यांना आधी पाहिलं असशील," घड्याळ म्हणाला. "डोळ्यांनी टिपलं, हाताने लिहिलं, डोक्याला पत्ता नाही. होतं असं."

तिला ते पटलं. पटवून घेतलं.

दोन दिवसांनी त्याने दुसरं कार्ड काढलं आणि वाचायच्या आधी क्षणभर दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून वाचलं. "एक्केचाळीस वर्षांची स्त्री, वाचनालयात बिल्ले देते. लांबच्या बसप्रवासानंतर उजवी पोटरी सुजलेली. आज जिना चढताना दम लागला, नाडी एकशे अठरा. पुढे काय?"

दाराशी कारकून बाई पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"आधी रक्ताची तपासणी," ती घाईने म्हणाली. "गुठळी आहे की नाही कळेल."

घड्याळने कार्ड उलटलं. "चूक. संशय इतका दाट असताना त्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. रक्त पातळ करणारं औषध लगेच, आणि थेट छातीचा स्कॅन. हीच चूक तू मागेही केली होतीस."

ती उठून दाराशी गेली. "ताई, पाय दुखतोय का?"

"अहो, जाऊन आले सकाळीच डॉक्टरकडे," बाई हसली. हसताना तिला धाप लागली. "रक्त घेतलंय. संध्याकाळी रिपोर्ट येईल म्हणाले."

"थांबू नका. आत्ता मोठ्या दवाखान्यात चला."

"बघा, अजून परवाना नाही आणि हुकूम सुरू!"

हो-ना करत बाई उठली, पर्स घेतली. जिन्याच्या सहाव्या पायरीवर कठड्याला धरून खाली बसली ती बसलीच. तिने आणि घड्याळने आळीपाळीने पंचवीस मिनिटं बाईची छाती दाबली.

दुसऱ्या दिवशी दाराशी बिल्ल्यांचा ट्रे नुसताच ठेवला होता. ज्याने त्याने आपापला उचलायचा.

घड्याळने तिचं खोकं तिच्याकडे सरकवलं. "मी नाही वाचणार. तू एकटी कर. रागावू नकोस."

उरलेली कार्डं तिने घरी जेवणाच्या टेबलावर ओतली. एकशे बारा. एकशे अकरा ओळखीची होती. एकावर तिच्याच अक्षरात एवढंच होतं: "त्रेसष्ट वर्षांची स्त्री. मुलीसोबत राहते. डावं मनगट जुन्या फ्रॅक्चरमुळे वाकडं." पुढे कोरं. मागेही कोरं.

आई ओट्याशी उभी होती. वाकड्या मनगटाने बरणीचं झाकण उघडायची खटपट चालली होती.

पुढचे दोन दिवस तिने अभ्यास सोडून आईला तपासण्यांना फिरवलं. रक्त, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो. सगळं ठीक.

"माझ्यावर सराव करतेस होय गं?" आई वैतागली. "ठणठणीत आहे मी. तुझं तोंड बघ आरशात, रुग्ण तू दिसतेस."

तिने सगळी कार्डं बारीक फाडून कचऱ्यात टाकली.

परीक्षेच्या सकाळी आईने दारापर्यंत येऊन तिची कॉलर नीट केली. "इकडची काळजी करायची नाही. मी काही तुला फोन करणार नाही."

परीक्षेचा हॉल थंड होता. चाळीस संगणक, चाळीस पाठी, मधे लाकडी आडोसे. फोन बाहेर जमा केलेले. पहिले तीन तास सुरळीत गेले. प्रश्न ओळखीचे होते, हात चालत होता. शेवटच्या भागात साखळी प्रश्न होते, म्हणजे एकाच रुग्णावर ओळीने प्रश्न. एकाचं उत्तर दिलं की मागे जाता येत नाही.

संगणकाच्या पडद्यावर आलं: "त्रेसष्ट वर्षांची स्त्री. अर्ध्या तासापूर्वी छातीतून पाठीकडे फाडत जाणारी कळ. दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक. डावं मनगट जुन्या फ्रॅक्चरमुळे वाकडं. शेजारणीने रुग्णालयात आणलं. मुलीला कळवू नका, तिची परीक्षा आहे, असं रुग्ण वारंवार सांगते. पुढची सर्वांत योग्य कृती कोणती?"

तिने हात वर केला. पर्यवेक्षिका आली.

"मला घरी एक फोन करायचाय."

"बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही," पर्यवेक्षिका हळू आवाजात म्हणाली. "तुमचा पेपर तिथेच संपेल. जायचंय का?"

पडद्याच्या कोपऱ्यात नऊ मिनिटं उरलेली दिसत होती. प्रश्न तीन. घर पाऊण तासावर.

आणि उत्तर तिला येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "थांबते."

महाधमनी फाटली आहे. आधी शिरेतून औषध देऊन नाडी आणि दाब खाली आणायचे, लगेच स्कॅन. तिने पर्याय दाबला.

पडदा बदलला. "स्कॅनहून परतताना रुग्णाचा रक्तदाब सत्तर. मानेच्या शिरा फुगलेल्या. हृदयाचे ठोके दबके. पुढची कृती?"

हृदयाभोवती रक्त साचलंय. सुई घालून काढायचं, की थेट शस्त्रक्रिया? तिने बाण सुईवर नेला. मागे आणला. शस्त्रक्रियेवर दाबलं.

परीक्षेत बरोबर-चूक सांगत नाहीत.

पडदा बदलला.

"रुग्णाची मुलगी या क्षणी दुसऱ्या इमारतीत आहे. तिला अजून काही माहीत नाही. तिच्याशी बोलण्याची सर्वांत योग्य सुरुवात कोणती?"

पर्याय चार होते. तिसरा होता: शांत जागी न्या, समोर बसा, आणि तिला आधी काय माहीत आहे ते विचारा.

तिने माउसवरून हात काढला. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली. उत्तरच दिलं नाही तर?

चाळीस सेकंद. वीस. पाच.

वेळ संपली. तिसऱ्या पर्यायापुढचा गोल आपोआप भरला.

मागून पावलं आली. पर्यवेक्षिकेने तिच्या खांद्याला हात लावला, तिला शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं, दार लोटलं. खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसली.

"मला आधी सांगा," ती म्हणाली, "घरचं तुम्हाला काय माहीत आहे?"