ओळीएवढी जागा

शंकर नगरातल्या कुमुदकाकूंनी वीजबिल समजून मेलमधली फाइल उघडली आणि कॉम्प्युटरमधल्या साऱ्या फायलींना कुलूप पडलं. त्यांतच त्यांच्या आईच्या ओव्या होत्या. आई जायच्या आदल्या उन्हाळ्यात, वर्ध्याच्या घरी, जात्यावर गाताना रेकॉर्ड केलेल्या.

"दुसरी प्रत?" ज्ञानदानं विचारलं. कॉम्प्युटरात शिरलेले व्हायरस काढणं हे तिचं रोजचं काम.

"आहे नं. हे काय, इथंच लावली."

पेनड्राइव्हवर हळदकुंकू वाळलेलं होतं.

"काकू, इसको निकालके रखना था ना! जोडलेलं सगळंच गिळतो तो."

"दसऱ्याची पूजा मांडली होती, पोट्टी. पुजलेलं उपटू कसं? मंग राहूनच गेलं."

ज्ञानदानं कॉम्प्युटरमधली डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. नुसती वाचता यावी, तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये, अशा बेतानं. त्या लॅपटॉपला ना इंटरनेट, ना माइक. दोन्ही तिनंच कधीचे काढून टाकलेले.

कुलपांच्या रांगेत एकच फाइल उघडी होती. तिनं ती लावली.

घरघर आली. दगडावर फिरणारा दगड, आणि त्यावर पिकला, गोड आवाज:

"पहाटेच्या दळणाला एकटी मी बसते..."

पुढे नुसती घरघर. ओळीएवढी जागा रिकामी.

"इथं आई थांबली नव्हती," काकू हळूच म्हणाल्या. "सलग गायची. मले म्हणे, समोर बस, जात्याचा खुंटा धर, अर्धा फेरा तू ओढ. मले लाज वाटे. मी आपली रेकॉर्ड करत राहिली."

पुन्हा तीच ओळ. पुन्हा ती जागा.

या खेपेला काकूंनी ती भरली. आवाज कापरा, पण चाल नेमकी:

"हात माझा घे, माये, लेक पुढं बसते..."

यादीतल्या दुसऱ्या फाइलचं कुलूप आपोआप उघडलं.

ज्ञानदानं तारा तपासल्या. माइकची रिकामी जागा बोटानं चाचपली. "ऐसे कैसे खुलेगी? ऐकायलाच काही नाही याला."

"हव," काकू म्हणाल्या आणि पुढची ओळ गायल्या.

एकेक कुलूप गळत गेलं. ज्ञानदा प्रत्येक ओवी नव्या डिस्कवर उतरवत होती. शेवटी एक फाइल उरली.

आईची ओळ आली, गेली. जात्याची घरघर वाट पाहत राहिली.

"गा ना, काकू. एकच तर आहे."

"नाही गायची. सारं उघडलं म्हणजे दळण सरलं. मंग आई उठून जाईन."

ज्ञानदानं लॅपटॉप बंद केला. डिस्कची तार उपटली.

घरघर थांबली. खाली गल्लीत भाजीवाला भाव सांगत गेला.

काकूंची मूठ टेबलावर गोल फिरत होती. अर्धा फेरा त्या आपल्याकडे ओढत होत्या. उरलेल्या अर्ध्यात त्यांचं मनगट सैल पडत होतं, आणि तरी हात पुढे जात होता; खांद्यापासून ताणलेला, बांगड्या पंजाकडे घसरलेल्या.