न बघता दिलेला पास

पाऊस फार जोराचा नव्हता, पण चिवट होता. क्लबच्या बास्केटबॉल कोर्टचं छप्पर एकाच जागी गळायचं, आणि ती जागा नेमकी रिंगसमोरची. छपरावाला येतो येतो म्हणत आठवडाभर तोंड दाखवत नव्हता. त्यामुळे टीमची फिजिओ त्या सकाळी हातात बादली घेऊन आत शिरली, तेव्हा एक उंच माणूस मान वर करून छताकडे बघत उभा आहे हे पाहून तिचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ रागही आला.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "आठवडाभर तुमची वाट बघतोय आम्ही."

तो वळला. कानशिलांवर थोडे पांढरे केस, अंगात जुनं जॅकेट, खांद्याला पिशवी.

"आठवडाभर?" तो म्हणाला. "आणि मला वाटत होतं, आता माझी कुणाला गरजच नाही."

"गरज नाही कशी? इथे कुणी घसरून पडलं की निस्तरायचं मला. शिडी मागच्या खोलीत आहे."

"शिडी..." त्याने पुन्हा एकदा छत न्याहाळलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्याने ते तिथेच दाबलं. "शिडीचं नंतर बघू. आधी एखादं फडकं मिळेल?"

फडकं मिळालं. त्याने फरशी अशी पुसली की तिला कौतुक वाटलं. मग तिने थेंबाखाली ठेवलेली बादली त्याने पायाने एक वीतभर डावीकडे सरकवली आणि तिच्याकडे वळून, थेंबाकडे पाठ करून विचारलं, "इथे सकाळी चहा कुठे मिळतो?"

टप्प... थेंब बादलीच्या बरोब्बर मध्ये पडला.

"तुम्ही बघितलंही नाहीत," ती म्हणाली.

"थेंब कुठून निघतो ते आधी बघून ठेवलं होतं. मग तो पडताना कशाला बघायचं?"

माणूस दुरुस्तीवाला असून बोलतो मात्र छान, असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच दारातून तिचा मामा आला. मामा म्हणजे तिचा सख्खा मामा आणि टीमचा प्रशिक्षक. त्याने त्या माणसाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि भाचीकडे बघून म्हणाला, "ओळख झाली ना? हाच तो. आपण ज्याच्याबद्दल बोलत होतो तो पॉइंट गार्ड."

त्याने परत दिलेलं फडकं अजून फिजिओच्या हातातच होतं. ते कुठे लपवावं हे तिला कळेना.

"छताचं काम जरा मोठं आहे," पॉइंट गार्ड गंभीरपणे मामाला म्हणाला. "पण बाई चांगल्या आहेत. शिडी द्यायला तयार आहेत."

*

आता प्रश्न असा होता, की या माणसाला टीममध्ये घ्यायचं की नाही. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, आणि कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारा गडी. टीमकडे एक होता. वय कोवळं, पाय वाऱ्याचे, आणि चेंडू एकदा हातात आला की तो जगात एकटाच. सगळे त्याला रॉकेट म्हणायचे. रॉकेट एकटा सुसाट सुटायचा, एकटा मारायचा आणि बहुतेक वेळा एकटाच चुकायचा. टीम हरत होती. मामाला या म्हाताऱ्या गड्याचा अनुभव हवा होता. क्लबच्या मंडळींचं म्हणणं पडलं, सदतीस वर्षांचा घोडा कशाला दारात बांधायचा? शेवटी तीन आठवडे त्याने सरावाला यावं असं ठरलं. मग फिजिओने त्याच्या उजव्या गुडघ्याबद्दल मत द्यायचं, आणि त्यावर निकाल.

म्हणजे सगळं येऊन पडलं तिच्या गळ्यात.

पहिल्याच दिवशी पोरांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. तो त्या हाकेला ओ द्यायचा. सराव संपला की तिच्या खोलीत येऊन टेबलावर पाय पसरायचा, आणि ती गुडघा दाबून बघत असताना कोपऱ्यात टांगलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्याशी बोलायचा.

"काय रे," तो सांगाड्याला म्हणायचा, "या बाई तुझ्याशीसुद्धा एवढ्या कडक वागतात का?"

"तो तक्रार करत नाही," ती मान वर न करता म्हणायची. "पाय वाकवा."

"तक्रार करून करून त्याची ही अवस्था झाली असेल."

"दुखतंय का इथे?"

"याला विचारा. मी सांगितलं तर तुम्ही लिहून ठेवाल."

ती हसू आवरायची. ते आवरता येत नाही हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की सराव संपायच्या वेळेला आपण उगाच केस नीट करतो. तिसऱ्या आठवड्यात जे कळलं, ते तिने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नाही.

कारण एक गोष्ट तिला सलत होती. तो तिच्याकडे बघायचा नाही. खोलीत असला की सांगाड्याकडे, नाहीतर खिडकीकडे. कोर्टवर असला की बाकावरच्या सगळ्यांकडे नजर फिरायची, मामाकडे, पोरांकडे, अगदी त्या बादलीकडेसुद्धा... आणि तिच्यापाशी आली की तिला वळसा घालून पुढे. पहिल्या दिवशी मारे तिच्याकडे वळून चहाचं विचारलं होतं. आता ते पुरतं बंद. तिच्या मनात आलं, बरोबरच आहे. ज्या बाईच्या एका शब्दावर आपलं पोट आहे तिच्याकडे कोण कशाला हौसेने बघेल?

पण ती मात्र बघायची. बघण्यासारखंच होतं ते.

तो पळायचा कमी. रॉकेट त्याच्याभोवती तीन चकरा मारायचा तेवढ्या वेळात तो दोन पावलं टाकायचा, पण ती दोन पावलं अशा जागी पडायची की रॉकेटला वाटच उरायची नाही. आणि पास. उजवीकडे बघत चेंडू डावीकडे द्यायचा. ज्याला चेंडू मिळायचा तो स्वतःच दचकायचा, की अरे, हा माझ्या हातात कसा? सुरुवातीला चेंडू पोरांच्या छातीवर, नाकावर आदळले. मग हळूहळू पोरं हात तयार ठेवायला लागली. कधीही, कुठूनही आपल्याला चेंडू मिळू शकतो, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं असावं. ज्याला कुणी विचारत नव्हतं तो रिंगखाली खेळणारा लाजाळू सेंटरसुद्धा ताठ उभा राहून खेळायला लागला.

एका दुपारी रॉकेट एकटाच सुटला, समोर दोघं आडवे आले, आणि त्याने थांबून मागे लाजाळू सेंटरला पास दिला. बास्केट झाली. रॉकेटने लगेच आजोबांकडे बघितलं, शाळेतल्या मुलाने मास्तरांकडे बघावं तसं. आजोबांनी नुसती मान हलवली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. फिजिओचे डोळे भरून आले. एका पासवर कुणी रडतं का? पण आले खरे.

उठताना मात्र त्याने गुडघ्यावर हात टेकला. तेही तिने पाहिलं.

*

निकालाच्या आदल्या दिवशी तिने मामाच्या ऑफिसचं दार लोटलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मामा शिट्ट्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसला होता.

"मामा, पूर्ण मॅच त्याला झेपणार नाही," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "सलग दोन दिवस खेळला की गुडघा सुजतो. पंधरा मिनिटं. त्यापुढे एक मिनिट नाही. जास्त खेळवलंत तर मोसम संपायच्या आत तो लंगडत घरी जाईल."

मामाने दोऱ्या खाली ठेवल्या. "म्हणजे नको म्हणतेस."

"मी तसं म्हटलं का?" तिचा आवाज चढला. "पंधरा मिनिटं तो कोर्टवर असला की बाकीचे चौघं शहाणे होतात, ते दिसत नाही तुम्हाला? रॉकेटने याआधी कुणाला पास दिलेला आठवतोय? आता देतो. सुरुवात रॉकेटला करू दे. शेवटच्या क्वार्टरला, सगळ्यांची डोकी फिरतात तेव्हा, याला आत सोडा. असा माणूस दारात आलाय आणि आपण त्याचं वय काय धरून बसलोय?"

ती थांबली. मामा तिच्याकडे बघतच राहिला होता.

"आणि... माझं मत धरू नका," ती हळू आवाजात म्हणाली.

"आता हे काय नवीन?"

"कारण मला तो आवडतो. गुडघ्याचं सांगितलं ते अगदी खरं आहे. पण दुसऱ्या कुणालातरी दाखवा. उद्या भाचीने वशिला लावला असं कुणी म्हणायला नको. त्याला तर नकोच नको."

"बरं," मामा म्हणाला. "आणि त्याचं काय?"

"त्याचं काय असणार? तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही."

मामा हसायला लागला. इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

"अगं वेडे, तीन आठवडे बाकावर बसून तू बघितलंस तरी काय? तो माझ्याकडे बघतो, पोरांकडे बघतो, त्या गळतीखालच्या बादलीकडे बघतो. जिथे चेंडू द्यायचा असतो तेवढ्या एकाच जागी तो बघत नाही. जन्म गेला माझा पॉइंट गार्ड बघण्यात. तो कुठे बघत नाहीये, ते मला पहिल्या आठवड्यात कळलं."

ती खुर्चीत बसली. काहीतरी करायचं म्हणून तिने दोऱ्यांचा गुंता उचलला आणि होता त्यापेक्षा वाढवून ठेवला.

*

दुसऱ्या क्लबच्या फिजिओने गुडघा तपासला आणि तेच सांगितलं, पंधरा मिनिटं. मंडळींनी कुरकुर करत का होईना, एका मोसमाचा करार केला. मामा त्याला निरोप सांगायला गेला तेव्हा फिजिओ रिकाम्या कोर्टवर जाऊन उभी राहिली. पुन्हा पाऊस लागला होता, बादलीत टप्प टप्प चालू होतं.

तो आला. हातात चेंडू, नजर बादलीवर.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणे."

"रागावलात?"

"मागच्या क्लबात सगळे म्हणायचे, काही झालेलं नाही, खेळ. इंजेक्शन द्यायचे आणि म्हणायचे, खेळ. माझा गुडघा तेवढा खरं बोलत होता." त्याने चेंडू एकदा आपटला. "पहिल्यांदाच कुणीतरी गुडघ्याच्या बाजूने बोललं. माझ्याही बाजूने बोललात, असं ऐकलं."

"कुणाकडून?"

"मामांच्या ऑफिसचं दार नीट लागत नाही. आणि तुमचा आवाज... खणखणीत आहे."

तिचे कान तापले. "किती ऐकलंत?"

"गुडघ्याचं ऐकलं. चौघं शहाणे होतात ते ऐकलं. मग पाऊस वाढला, पुढचं नीट ऐकू आलं नाही."

"त्या दिवशी पाऊस नव्हता."

त्याने नजर पुन्हा बादलीकडे वळवली. एवढा बोलका माणूस, पण आड घ्यायला इथे सांगाडाही नव्हता.

"माझ्याकडे बघून बोल ना," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं हे तिलाही कळलं नाही.

"भीती वाटते," तो बादलीलाच म्हणाला. "बघून दिलेला पास हमखास अडवला जातो. जो पोचायलाच हवा तो मी बघून कधी दिला नाही."

"इथे अडवणार कोण आहे?"

त्याने रिकाम्या बाकांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. आणि मग, अगदी सावकाश, तिच्याकडे. डोळे चांगले होते त्याचे. थोडे थकलेले, पण पूर्ण तिच्यावर.

"माझा एक मोसम उरलाय," तो म्हणाला. "त्यानंतर हा गुडघा, थोडे पांढरे केस... देण्यासारखं फार नाही माझ्याकडे. पण जे आहे ते तुला द्यायचंय. तू मला खूप आवडतेस."

आणि त्याने चेंडू टाकला. सरळ, साधा, तिच्या डोळ्यांत बघत. रॉकेटने झोपेतसुद्धा अडवला असता असा.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. "मलाही तूच आवडतोस," ती म्हणाली. "पण एक सांगून ठेवते. माझं पंधरा मिनिटांवर भागायचं नाही."

तो हसला, आणि ती त्याच्याजवळ गेली.

छपरावाला नेमका तेव्हाच आला. खांद्यावर शिडी घेऊन त्याने दारातून आत डोकावलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बाहेर जाऊन बराच वेळ पावसात उभा राहिला.