मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणा

आमचं बायबल वाळवीनं खाल्लं, म्हणून सहादेव मास्तर मला भेटले. बहात्तर सालची गोष्ट. जामखेडच्या बाजारात पुस्तकवाल्याकडं एकच प्रत उरली होती आणि ती नेमकी ह्यांनी उचललेली. आमच्या गावच्या शाळेवर नुकतेच आलेले, राजूरकडचे, हसले की डोळे मिटणारे. मी नुसती त्या पुस्तकाकडं बघत राहिले. तर म्हणाले, "एक आठवडा तुम्ही वाचा, एक आठवडा मी…"

झालं! रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर पुस्तक ह्या हातातून त्या हातात. बोटाला बोट लागायचं… आणि मग रोजच्या अध्यायात माझं लक्ष कसलं लागतंय.

तिसऱ्या खेपेला पुस्तक परत आलं, तर आत पेन्सिलीच्या खुणा. या माणसाबरोबर जाशील का, असं लग्नाआधी रिबकेला विचारतात, त्या उताऱ्याला दुहेरी रेघ. याकोबाला विहिरीवर त्याची होणारी बायको राहेल भेटते, तिथंही. मास्तर विचारतायत? की देवच मास्तरांच्या हातून विचारतोय? डोकं पार गरगरलं.

त्याच आठवड्यात नगरच्या एका कंपाउंडरचं स्थळ आलं. आई म्हणाली, लई चांगलं हाय, हो म्हन. मी सांगून टाकलं, नको, मला बायबलातून देवाचं वचन मिळालंय. बाबा, म्हणजे भिमाजी उपदेशक, गावोगाव शास्त्र सांगत फिरणारे. देवाच्या वचनापुढं त्यांच्या घरात कुणी ब्र काढत नसे. त्यांनी लगेच नकाराचं पत्र टाकलं.

रविवारी मी मास्तरांना गाठलं. "त्या खुणा… माझ्यासाठीच ना?"

त्यांनी पान बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. "ह्या मुलांसाठी. इथं उंट आहेत, तिथं मेंढरं… रविवारच्या शाळेत चित्रं काढून घ्यायची होती."

उंट! मी उंटापायी कंपाउंडर नाकारला होता. रडूच आलं. रडत रडत सगळं सांगितलं, बाबांना वचन म्हणून काय ठोकून दिलं तेही.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "चांगुणाबाई, तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. पण ते मी देवाच्या तोंडून वदवणार नाही. त्याचा शब्द त्याचा. माझं मलाच बोललं पाहिजे."

मी आणखीनच गोंधळले. आता खूण नाही, वचन नाही, समोर नुसता एक माणूस… आणि उत्तर माझं मलाच द्यायचं.

"आजच सांगा असं नाही," ते म्हणाले.

"का? पुढच्या आठवड्यात मेंढरं मोजायचीत वाटतं?" मी डोळे पुसले आणि त्यांना तशीच घरी घेऊन गेले.

बाबा ओसरीवर वाचत बसले होते. मी म्हणाले, "बाबा, वचन मिळालं नव्हतं. मला हे आवडतात. ते मी देवाच्या नावावर खपवलं."

बाबांनी चष्मा काढला. मास्तरांना बसायला सांगितलं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कंपाउंडरला दुसरं पत्र तू लिहायचं. नकार देवाचा नव्हता, माझा होता, असं. आत्ताच."

मी कागद घेतला, पण हात चालेना. बाबा लग्नाला हो म्हणाले की नाही, काहीच कळत नव्हतं. आत आई चहाच्या कपबश्या काढत होती. घरात आम्ही तिघंच. एक… दोन… तीन… चौथीचा आवाज आला, तेव्हा कुठं मी पत्र लिहायला घेतलं.