तोरिगोए काकूंकडची कॅसेट

तो टेपरेकॉर्डर जरा बाजूला ठेव, बाळा. बिननावाची कॅसेट आहे ना ती? मग आज नको. उद्या दिवसाउजेडी लाव. भितो म्हणून सांगत नाही... बरं, म्हण भितो. सत्तरी उलटलेल्या माणसाला भ्यायची कसली लाज? चहा ओता कुणीतरी आणि ऐका.

कुसाका मोरिओ. तुमच्यातल्या एक-दोघांनी त्याला पाहिलंय. माझ्या या दुकानात सुटे भाग न्यायला यायचा. उंच, किंचित पोक काढलेला, विचारल्याशिवाय न बोलणारा. नामेरिकावा स्टेशनामागे त्याचं दुरुस्तीचं बोळकंडीएवढं दुकान होतं. तुम्ही पोरं हौसेने जमवता ना, टीव्हीला जोडायचे ते चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक, ते मेले की लोक त्याच्याकडे पाठवायचे. होक्काइदोहून खोकी यायची. गळलेले कपॅसिटर बदलायचे, टेपचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असायचा तो खरवडायचा, आणि कॅसेटवर आवाज म्हणून साठवलेला जुना खेळ पुन्हा पडद्यावर नाचता करायचा. त्यात त्याचा हात धरणारा या किनाऱ्यावर कुणी नव्हता.

दोन हजार बावीस सालच्या नोव्हेंबरात त्याला एक फोन आला. म्हातारीचा आवाज.

"मोरिओच का रे तू? कुसाकांचा?"

"हो. आपण कोण?"

"अरे, तोरिगोए. उशिओची आई."

मोरिओ मला म्हणाला, फोन ठेवून द्यावा असं वाटलं, पण बोटं उघडेनात.

काकू आपल्या बोलतच होत्या. "पुढच्या महिन्यात मला वृद्धाश्रमात नेतायत. पुतण्याने घर विकायला काढलंय. आवरताना माळ्यावर उशिओचं ते यंत्र सापडलं, कॅसेटसकट. त्याने खेळ केला होता बघ एक. तेव्हा रोज म्हणायचा, आई, ये ना बघायला. मी म्हणायची, मग भांडी कोण घासेल, तुझा बाप? राहिलं ते राहिलंच. एकदा चालवून दाखवशील? तू त्याचा मित्र ना."

नाही म्हणायला जीभ वळली नाही. शनिवारी येतो म्हणाला.

शनिवार, बारा नोव्हेंबर. दुपारी साडेतीनला तो हत्यारांची पेटी आणि आपला चांगला टेपरेकॉर्डर घेऊन निघाला. आभाळ स्वच्छ होतं. तातेयामाच्या माथ्यावर बर्फ दिसत होता, खाली गावात त्याचा मागमूस नव्हता. तोरिगोएंचं घर भातखाचरांच्या कडेला, एकटं. दारापुढून शेताच्या पाण्याचा पाट जातो. आपल्याकडचे पाट तुम्हाला माहीतच आहेत, दिसायला हातभर, पण पाण्याला ओढ अशी की धडधाकट माणूस लोळवेल. मोरिओने गाडी लांब लावली आणि पाटाकडे न बघता दारापर्यंत गेला.

"किती वाळलास रे!" काकू म्हणाल्या. ऐंशी उलटलेल्या, कंबरेत वाकलेल्या, पण तोंड तिखट. "लग्नबिग्न केलंस की नाही?"

"केलं होतं."

"होतं म्हणजे?"

"गेली ती सोडून."

"शहाणी म्हणायची. असल्या खोक्यांशी संसार करणाऱ्याजवळ कोण राहील! बस, कोतात्सुच्या मेजाखाली उबेला पाय घाल. संत्रं खा."

तो हसला. मग यंत्र उघडलं आणि त्याचा जीव थोडा स्थिरावला. काम हातात आलं की माणसाला बरं असतं. चार कपॅसिटर बदलले. कळफलकातला कचरा फुंकरून काढला. जुना जाडजूड टीव्ही काकूंनी टाकला नव्हता, तो जोडला. कॅसेटवर पेन्सिलीने एकच शब्द होता, 'इका'. पोराने खेळाला माकुळाचं नाव दिलेलं.

पहिल्या खेपेला टेप नुसती किंचाळली. दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर चूक दाखवून थांबली. मोरिओने लहानसा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेपचं हेड केसभर तिरपं केलं, आवाज थोडा वाढवला, पुन्हा सुरुवातीपासून लावली. ती यंत्रं अशी, की टेपच्या किंचाळण्यात त्यांना नाव ऐकू येतं. नाव ओळखलं की पडद्यावर लिहितात, सापडलं, आणि पुढे ते नाव.

सापडलं: इका.

काकूंनी संत्रं सोलायचं थांबवलं. चार-पाच मिनिटं ती कर्कश शीळ चालली. मग पडदा काळा झाला, आणि काळ्यावर निळे ठिपके लुकलुकायला लागले. वसंतात आपल्या खाडीत चमकणारी माकुळं येतात ना, तशी. मधे एक इवलीशी होडी. आणि खाली अक्षरं: 'कर्ता, तोरिगोए उशिओ'.

काकू गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या आणि त्यांनी काचेवर हात ठेवला. "हे त्याने केलंय?"

"हो."

"सगळं?"

"सगळं त्यानेच, काकू."

त्यांनी बोटाने कळ दाबली. होडी हलली. एक माकूळ जाळ्यात आलं तशा त्या पोरीसारख्या हसल्या. "हा बघ, बापासारखीच होडी वेडीवाकडी चालवतोय!" दहा मिनिटं खेळल्या. मग डोळे पुसले, म्हणाल्या, "थांब, जेवूनच जा. सूप गरम करते." आणि स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर केव्हाच अंधार पडला होता. घड्याळात सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

आता मोरिओला काय टोचत होतं, ते सांगायला हवं. तो खेळ लोकांनी पाहिलेला होता. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात उशिओने तो लिहिला आणि मोरिओला एक प्रत दिली, जरा खेळून बघ म्हणून. त्या वेळी वाचकांनी लिहिलेल्या खेळांचे प्रोग्राम ओळीओळीने छापणारं एक मासिक निघायचं. मोरिओने खालचं नाव बदललं आणि पाठवून दिला. छापून आला. कर्ता, कुसाका मोरिओ, वय पंधरा. शाळेत मास्तरांनी उभं करून कौतुक केलं. मागच्या बाकावर उशिओ बसलेला होता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मांडीएवढ्या बर्फातून उशिओ मोरिओच्या दारात आला. मोरिओ वरच्या खोलीत होता. आई हाक मारायला जिन्यात आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "घरी नाही म्हणून सांग." आईने तसं सांगितलं. मोरिओ खिडकीच्या फटीतून बघत राहिला. पोरगं बराच वेळ उभं होतं. वर बघत होतं. मग वळलं.

बर्फाने पाट झाकलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाटात मिळालं. स्वतःच्याच घरासमोर.

छत्तीस वर्षं मोरिओने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तर, काकू आत सूप ढवळतायत. भांड्याचा आवाज येतोय. टेप अजून बरीच उरली होती. मोरिओला वाटलं, पोराने आणखी काही लिहून ठेवलं असेल तर तेही म्हातारीला दाखवावं. त्याने खेळ बंद केला, यंत्राला सांगितलं, पुढे जे सापडेल ते घे, आणि टेप सुरू केली.

बराच वेळ नुसती सरसर.

मग शीळ आली. थोडीशीच.

सापडलं: मोरिओ.

टेप थांबली. पडद्यावर एकच ओळ उमटली.

'मोरिओ घरी आहे का?'

आणि खाली उत्तरासाठी पांढरा चौकोन. लुकलुकणारा.

ऐका, इथपर्यंत मला समजतं. त्या संध्याकाळी निघण्याआधी पोराने ते लिहून ठेवलं असेल. रागाने म्हणा, दुःखाने म्हणा. पोरंच ती. मोरिओनेही स्वतःला तसंच समजावलं. तो उठून वायर काढणार...

तेवढ्यात दार सरकल्याचा आवाज झाला. पुढचं दार.

"कोण आहे रे?" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. मोरिओ बसलेलाच. मग काकूंची पावलं बाहेरच्या बाजूला गेली. बोलणं ऐकू आलं, फक्त काकूंचंच. दुसरा आवाज... नव्हता. किंवा इतका हळू होता की भिंत ओलांडत नव्हता.

काकू परत स्वयंपाकघरात जाता जाता दाराआडून म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडेच आलंय कुणी. कुणाचं पोरगं आहे कोण जाणे, पडवीत दिवा नाही, तोंड काही दिसलं नाही. मोरिओ घरी आहे का, विचारत होतं."

मोरिओने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"मी म्हटलं, आहे ना. आत बसलाय, ये की. बर्फाने नुसतं भिजलंय रे... बूट काढतंय."

बाहेर बर्फ नव्हता.

थप.

थप.

बुटांवरचा बर्फ झाडतात, तसा.

मग फळ्यांवर पाय वाजले. अनवाणी. ओले. सावकाश. एक... दोन... मोरिओने मोजले. सात. सातवं पाऊल त्याच्या पाठीमागच्या सरकत्या दारापाशी थांबलं.

दार कागदाचं. मधे फक्त कागद.

तो वळला नाही. समोरच्या टीव्हीच्या काचेत मागचं दार दिसत होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

काही नाही. कुणी दार उघडलं नाही. कुणी हाक मारली नाही.

नुसतं... थांबलेलं.

किती वेळ गेला त्याला सांगता आलं नाही. शेवटी तो बोलला. मोठ्याने नाही, पण स्पष्ट.

"होतो. घरी होतो मी."

मागे श्वास सोडल्यासारखं काहीतरी झालं.

"कुठे घरी होतास?"

हा आवाज काकूंचा. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात ताट, ताटात तीन वाडगे. मोरिओने डोळे उघडले. आणि तिथेच, कोतात्सुत पाय अडकलेले तसे ठेवून, त्याने सगळं सांगितलं. मासिक. नाव. खिडकीची फट. काकूंनी ताट खाली ठेवलं. एक वाडगा स्वतःपुढे घेतला. एक रिकाम्या बाजूला, सरकत्या दाराकडे तोंड करून मांडला. तिसरा त्यांनी ताटातून उचललाच नाही.

"तू जा आता," त्या म्हणाल्या.

"काकू, मी..."

"जा म्हटलं ना. आणि जाताना पुढचं दार नीट ओढून घे. पोराला वारा लागेल."

सरकतं दार मोरिओला स्वतःच्या हाताने उघडावं लागलं. पलीकडे कुणी नव्हतं. फळ्या कोरड्या होत्या. हत्यारं, टेपरेकॉर्डर, सगळं तिथंच टाकून तो गाडीपर्यंत पळाला.

सोमवारी सकाळी तो माझ्याकडे आला. तुम्ही बसलात तिथेच बसला आणि हे सगळं मला सांगितलं. म्हणाला, "साहेब, तुम्ही त्या मासिकाला पत्र लिहायला मदत करा." मासिक बंद पडून तीस वर्षं झालेली! मी तसं म्हटलं, तर तो उठला आणि निघून गेला. महिनाभरात त्याने दुकान बंद केलं. आता निइगाताकडे कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करतो म्हणतात. मला एकदा नवीन वर्षाचं कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता.

काकू वृद्धाश्रमात गेल्याच नाहीत. पुतण्या न्यायला आला तर म्हणाल्या, "पोरगं इतक्या वर्षांनी आत आलंय. त्याला एकटं टाकून कशी येऊ?" पुतण्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. त्याने तरी काय करायचं? शेजारची बाई रोज डोकावायची. ती सांगायची, आजी मजेत आहेत, दोघांचं जेवण रांधतात. जानेवारीच्या एकोणतीस तारखेला काकू गेल्या. झोपेतच. पुतण्याने अंत्यविधी उरकले, घराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

एप्रिलमध्ये त्याने ते सामान बघायला मला बोलावलं. टीव्ही, यंत्र, मोरिओचा टेपरेकॉर्डर, सगळं जागच्या जागी होतं. कॅसेट मी नेली नाही. लावूनही पाहिली नाही.

निघताना पुतण्या मला मधल्या खांबापाशी घेऊन गेला. आपल्याकडे पोरांची उंची खांबावर पेन्सिलीने मांडतात, तशा उशिओच्या रेघा होत्या. तिसऱ्या वर्षापासूनच्या, प्रत्येकीशेजारी तारीख. सर्वांत वरची शहाऐंशीच्या नववर्षाची. तिच्याही वर तीन रेघा होत्या, ताज्या. पहिली डिसेंबरातली. दुसरी जानेवारीतली, दोन बोटं वर.

तिसरी आणखी दोन बोटं वर. शेजारी तारीख, अठरा मार्च.